स्तंभावरचं तिसरं नाव

“आणि हा तिसरा कोण?” मुकेशने मोबाईल खाली घेत विचारलं.

हुतात्मा स्तंभासमोर आम्ही तिघं उभे होतो. मुकेश गावचा ग्रामसेवक, तिशीतला, डहाणूहून मोटरसायकलने येणारा. हिरू वरठा पंचायतीचा शिपाई. नळाला पाणी सोडणं, कार्यालय झाडणं, सभेचा निरोप पाड्यापाड्यावर पोचवणं ही सगळी कामं त्याचीच. आणि मी या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला मास्तर. आता बोर्डीला राहतो, पण मंगळवारी आणि शनिवारी एक बस आणि पुढे रिक्षा करून तलासरीच्या बाजूच्या या गावात येतो, वाचनात मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसतो.

हिरू नारळाच्या काथ्याने स्तंभावरचं शेवाळ घासत होता. मुकेशचा प्रश्न ऐकून त्याचा हात थांबला नाही.

“रघ्या जान्या वरठा,” मुकेशने वाचलं. “तालुक्याच्या यादीत दोनच नावं आहेत. जमीनदारांविरुद्धच्या लढ्यातले लखमा भोये आणि एकाहत्तरच्या लढाईतले काकड्या धोडी. ह्याचा कागदच नाही कुठे. सैन्यात होता काय?”

“नाय,” हिरू म्हणाला.

“पोलिसात?”

“नाय.”

“मग स्तंभावर कसा आला?”

“माझा भाव,” हिरू म्हणाला. “दर्यात मेला.”

मुकेशने माझ्याकडे पाहिलं. रस्ता रुंद होणार होता, त्यासाठी हा स्तंभ निघणार होता. त्याऐवजी पंचायतीसमोर ग्रॅनाइटचा फलक बसणार होता, मशीनने कोरलेल्या नावांचा. सव्वीस जानेवारीला त्याचं उद्घाटन. नावं तीन-चार दिवसांत पाठवायची होती.

“ते नाव मी घातलं,” मी म्हणालो.

वरची दोन नावं दगडात कोरलेली होती. तिसरं नुसत्या काळ्या रंगाने लिहिलेलं. दर वर्षी चुना लावला की ते झाकलं जायचं आणि हिरू ते पुन्हा गिरवायचा. त्याला वाचता येत नाही. भावाच्या नावाची अक्षरं तो चित्र काढल्यासारखी काढायचा, शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्याकडची तरणी मुलं पाऊस सरता सरता गुजरातच्या बंदरांवर जातात. मुकादमाची जीप पाड्यावर येते आणि सात-आठ जणांना भरून ओख्याला नाहीतर वेरावळला नेते. डोंगरात वाढलेली, पोहता न येणारी ही मुलं आठ-आठ महिने बोटीवर जाळी ओढतात. होळीला चार दिवस घरी येतात तेव्हा त्यांच्या अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास येत असतो.

रघ्या त्यांतलाच. चौथीपर्यंत माझ्याकडे होता. हजेरीत नाव असायचं, बाकावर क्वचितच. मी “रघ्या जान्या वरठा” म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, “नाय आला, गुरुजी!” यायचा तेव्हा ओढ्यातला खेकडा माझ्या खडूच्या डबीत सोडायचा आणि मी डबी उघडेपर्यंत अगदी साळसूद बसायचा. चौथी संपली तरी त्याला वाचता आलं नाही. तो दोष मी कधी त्याच्या माथी मारला नाही.

त्या वर्षी त्याची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली की नाही, हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. पाण्यावर कुंपण नसतं. पलीकडच्या देशाच्या गस्तीच्या लाँचने गोळ्या झाडल्या. रघ्या मागच्या बाजूला दोर धरून उभा होता. बोट परत आली, रघ्या आला नाही. त्याची पिशवी आली. आत एक लुंगी, कंगवा आणि मोबाईलचा चार्जर. घरात तेव्हा वीज नव्हती.

चार-पाच दिवसांनी त्याची आई जिवली शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. वर्गात भिंतीवर नकाशा टांगलेला होता.

“मास्तर, ह्यात तो दर्या दावा.”

मी निळ्या भागावर बोट ठेवलं. ती जवळ आली, बराच वेळ बघत राहिली.

“हितं दगड कुठं लावायचा?” तिने विचारलं.

मला तिचा प्रश्न तेव्हा कळला नाही. दुःखाने बोलते आहे असं वाटलं. मी तिला पाणी दिलं.

त्या जानेवारीत हिरू स्तंभाला चुना लावत होता आणि मी वरच्या दोन नावांवर रंग भरत होतो. जिवली पलीकडे उन्हात बसली होती. तिने विचारलं, ही कोणाची नावं? मी शिक्षकासारखं समजावून सांगितलं: हे लखमा, हे काकड्या, दोघांनाही गोळी लागली, दोघंही आपल्यासाठी मेले.

“माझ्या पोऱ्यालाबी गोळीच लागली,” ती म्हणाली. “तीबी समोरच्या देशाचीच.”

ती भांडत नव्हती. हिशेब जुळतो का, एवढंच बघत होती. माझ्या हातात ब्रश होता, डब्यात रंग शिल्लक होता. मी खाली तिसरी ओळ लिहिली. तेव्हाचे सरपंच म्हणाले, “असू दे, गुरुजी. कोणाचं काय जातंय?” मलाही तसंच वाटलं. एका म्हातारीचं मन राखलं, बास.

मुकेश फोटो काढून गेल्यावर हिरू पाणी सोडायला निघाला. मीही त्याच्याबरोबर टाकीपर्यंत गेलो. लोखंडी चावी व्हॉल्व्हला लावून तो दोन्ही हातांनी ती फिरवू लागला. पाइपात पाणी उतरल्याचा आवाज आला.

“गुरुजी, फागुनात आमच्या पोरीचं, दक्षाचं लगीन हाय.”

“हो, सांगितलं होतंस. मुलगा कोसबाडचा ना?”

“हां. खांब काढला तर नाय व्हायचं.”

“खांबाचा आणि लग्नाचा काय संबंध?”

त्याने चावी बाजूला ठेवली. “अवेळी मेला त्याला चिरा बसवावा लागतो. तुमाला माहीत हाय.”

मला माहीत होतं. गावाच्या वेशीला मोहाच्या झाडाखाली असे चिरे ओळीने उभे आहेत. काळ्या दगडावर घोडा, घोड्यावर माणूस, वर चंद्र-सूर्य. जो अकाली गेला, दूर गेला, त्याला भगत हाक मारून आणतो आणि चिऱ्यात बसवतो. तोवर त्याला बसायला जागा नसते. तो उभाच असतो. घरातला एक माणूस असा उभा असताना त्या घरात मांडव घालत नाहीत.

“मग रघ्याचा चिरा कुठे आहे?” मी विचारलं. प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि उत्तर मला कळलं.

“तुमीच तर बसवला,” हिरू म्हणाला. “आय बोलली, भगताला कशाला सांगायचं, गुरुजींनी पोऱ्याला बसवला. सरकारच्या दगडात बसवला. लखम्या भोयेच्या शेजारी.”

मी खाली व्हॉल्व्हच्या खड्ड्यात बघत राहिलो. दर सव्वीस जानेवारीला सकाळी मी शाळेच्या मुलांना घेऊन स्तंभापाशी यायचो तेव्हा पायथ्याची माती ओली असायची, तांदळाचे चार दाणे विखुरलेले असायचे. मला वाटायचं, हिरूने जागा धुतली, तांदूळ पाखरांनी आणले. मी मुलांना सांगायचोसुद्धा, “बघा, हिरूकाका किती स्वच्छता ठेवतो.” ती ताडी होती. पहाटे ताडावरून उतरवलेली, भावाला पाजलेली. आणि जिवली शेवटची काही वर्षं रोज दुपारी स्तंभाला पाठ लावून बसायची. ऊन खाते आहे असं सगळं गाव समजायचं. ती जाऊन चार वर्षं झाली.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं?” हिरू म्हणाला. “तुमाला माहीत हाय असंच वाटलं.”

मंगळवारी मी पंचायतीत गेलो. संगिता सरपंच खुर्चीत बसून गुळाची चिक्की खात होती. ती माझ्याच वर्गातली, पाढ्यांत हुशार.

“या गुरुजी, बसा. नाव घालायचं ना रघ्याकाकाचं? घालू या. एवढा काय त्यात विचार?”

“ताई, पुरावा लागतो,” मुकेश म्हणाला.

“तू पुरावा तयार कर. तेवढ्यासाठी तर शिकलास.”

मुकेश हसला. मग माझ्याकडे वळला. “गुरुजी, एक मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या की बोटीवरून तो तटरक्षकांच्या मदतीला गेला होता, त्यात गोळी लागली. जुन्या शिक्षकाची सही म्हटल्यावर कोणी खोलात जात नाही. मी वर जोडून पाठवतो. घ्या कागद.”

मी कागद घेतला. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी मुलांच्या वह्यांवर ‘स्वतः लिही’ असा शेरा मारला होता. आता मुकेशने सांगितलेलं वाक्य मी माझ्या अक्षरात उतरवून काढलं. वळणदार अक्षर आलं. आपण काही चुकीचं करतो आहोत असंही वाटलं नाही.

हिरू चहा घेऊन आला. कप ठेवताना त्याने कागदाकडे पाहिलं.

“काय लिवलं?”

मी वाचून दाखवलं.

तो ट्रे छातीशी धरून उभा राहिला. “तो मदतीला नव्हता गेला. जाळं ओढत होता.”

“अरे मामा,” मुकेश म्हणाला, “तेच तर झाकतोय आपण. त्याशिवाय नाव नाही यायचं.”

“हां.”

“आणि दक्षाचं लग्न?” मी विचारलं.

“सायेब,” हिरू मुकेशशी बोलला, माझ्याकडे न बघता. “आय सांगायची, गुरुजींनी लिवलं म्हंजे खरं. आता हे खोटं लिवलं तर ते पयलंबी खोटं व्हईल.”

संगिताने चिक्कीचा कागद मुठीत चुरगळला. हिरू रिकामा ट्रे घेऊन आत गेला. मी कागद फाडला, दुसरा घेतला आणि लिहिलं: रघ्या जान्या वरठा हा खलाशी होता. समुद्रात गोळी लागून वारला. त्याचे नाव स्तंभावर मी कोणाचीही परवानगी न घेता लिहिले. खाली सही केली. मुकेशने तो कागद फाइलला लावला आणि यादीत दोन नावं पाठवली.

संध्याकाळी हिरू तुक्या भगताकडे गेला. शुक्रवारी त्याने मला फोन केला. फोनवर तो नेहमी ओरडून बोलतो.

“गुरुजी! तुक्या बोलतो, उठवता येईल! पण तुमी पायजे!”

“मी कशाला?”

“ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा! दुसऱ्याच्या हाकेला नाय उठायचा तो!”

शनिवारी मी पहिल्या गाडीने निघालो. दहा वाजता जेसीबी येणार होता. मी पोचलो तेव्हा हिरू आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून स्तंभापाशी बसला होता. तुक्या भगत शेजारी बिडी ओढत होता. ऐंशीच्या घरातला, कानाने मंद, पण नजर तल्लख.

“मास्तर, तुमाला मंतर येतो काय?” त्याने विचारलं.

“नाही.”

“बरं झालं. मंतर येणारे लई घोळ घालतात. नुसती हाक मारा. जशी मारायचात तशी. मग तोंड बंद. झाडापाशी जाईस्तोवर दोघांनीबी कोणाशी बोलायचं नाय, मागं बघायचं नाय. बोललं तर तो तिथंच उतरतो. मग त्या जागी बसून ऱ्हाईल, लोकांच्या वाटेत.”

हिरूने खुरप्याने तिसऱ्या ओळीवरचा चुना खरवडला. पंधरा वर्षांचे थर होते. एक पांढरा, एक काळा, एक पांढरा, एक काळा. ते पापुद्रे त्याने पळसाच्या पानात घेतले. मग माझ्याकडे पाहिलं.

जशी मारायचो तशी हाक मला एकच माहीत होती.

“रघ्या जान्या वरठा,” मी म्हणालो.

नाय आला, गुरुजी, असं कोणी ओरडलं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तुक्याने हाताने खूण केली, “चला.”

हिरू पुढे, त्याच्या ओंजळीत पान. मी त्याच्या मागे. वेशीवरचं झाड तसं फार लांब नाही, पण वाट नळापाशीच्या वस्तीतून जाते. तिथे हंडे रांगेत लागले होते आणि नळ कोरडा होता. व्हॉल्व्ह सोडायची वेळ होऊन अर्धा तास झाला होता.

“आला बघ राजा!” लाडकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “अरे हिरू, पाणी कोण सोडंल, तुझा सासरा?”

हिरू चालत राहिला.

“बोलत नाय. आंघोळ केली वाटतं आज, म्हणून भाव वाढला.”

बायका हसल्या. “धुतलेला सदरा घालून चाललाय. दुसरं लगीन करतो काय?”

“गुरुजी, तुमी तरी सांगा त्याला. रातची भांडीबी घासली नाय आमी अजून.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं या गावात कोणी हाक मारली आणि मी उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. पुढे शाळेच्या फाटकाशी माझी शनिवारची मुलं उभी होती. “गुरुजी! गुरुजी, आज बाराखडी की गोष्ट?” दोघी-तिघी माझ्या मागे पळत आल्या, एकीने माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला. ती तिथेच उभी राहिली असावी. मागे बघायचं नव्हतं.

हिरूची पाठ माझ्यासमोर होती. सदऱ्याची घडी अजून मोडलेली नव्हती. वीस वर्षांत त्याने पाण्याला एक दिवस उशीर केला नव्हता, हे मला चालता चालता आठवलं. जिवली गेली त्या दिवशीसुद्धा आधी व्हॉल्व्ह सोडून मग तो तिच्या अंत्ययात्रेला निघाला होता.

मोहाखाली चिरे उभे होते. काहींवरचा घोडा पार झिजला होता, पाय तेवढे राहिले होते. ओळीच्या टोकाला नवा खड्डा खणलेला, आणि शेजारी नवा चिरा आडवा. पाटे-वरवंटे घडवणाऱ्या दिपकने तो चार दिवसांत करून दिला होता. तो तिथेच उभा होता, हातावर दगडाची धूळ.

तुक्या मागून काठी टेकत आला. हिरूने पान खड्ड्यात ठेवलं, तांदूळ टाकले, ताडी ओतली. तिघांनी मिळून चिरा उभा केला, मी एका बाजूने हात लावला. तुक्या दगडाच्या कानाशी, म्हणजे घोड्याच्या कानाशी, वाकून काहीतरी पुटपुटला आणि सरळ झाला.

“झालं. बोला आता.”

दिपक म्हणाला, “मी हिरूदादाला बोललो होतो, होडी काढू या. दर्यात गेला ना तो. होडी बेस दिसली असती. ऐकला नाय.”

“होडीवरनंच तर मेला,” हिरू म्हणाला. “परत यायला घोडाच पायजे.”

मी चिऱ्याकडे पाहिलं. घोडा बुटका होता, त्याच्यावरचा माणूस घोड्यापेक्षा मोठा. खाली मोकळी जागा होती. माझ्या खिशात पेन होतं आणि दिपकच्या हातात छिन्नी.

“हिरू, खाली नाव कोरायचं का? मी लिहून देतो, दिपक कोरेल.”

“चिऱ्यावर नाव नसतं, गुरुजी,” हिरू सावकाश म्हणाला, मला वाईट वाटू नये अशा बेताने. “आणि त्याला कुठं वाचता येत होतं?”

मग तो उठला, हाताची माती झटकली. “जातो. बायका शिव्या देत असतील.”

तो टाकीकडे गेला. थोड्या वेळाने वस्तीतून हंड्यांचा आवाज आला, आणि त्याच्याही पलीकडून, रस्त्याच्या बाजूने, जेसीबीचा.

सव्वीस जानेवारीला मी गेलो. ग्रॅनाइटचा फलक चकचकीत होता, त्यात समोरच्या मुलांची तोंडं दिसत होती आणि मुलं आपापलं तोंड शोधत होती. संगिताने रिबन कापली, मुकेशने दोन्ही नावं माइकवर वाचली. मुलांनी गाणं म्हटलं. दक्षा बायकांत उभी होती. तिच्या लग्नाची तारीख ठरली आहे असं कोणीतरी मला सांगितलं.

हिरू इस्त्रीचा खाकी सदरा घालून दोरीपाशी उभा होता. झेंडा वर गेला तेव्हा त्याने इतरांसारखा सलाम केला. सगळे चॉकलेटांसाठी वळले. हिरूने खांद्यावरचं फडकं काढलं, मुलांच्या बोटांचे ठसे फलकावरून पुसले, वरून खाली, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि पाणी सोडायला निघून गेला.

मी जवळ जाऊन खाली पाहिलं. चौथऱ्याभोवतीची माती कोरडी होती.